फ्लॉवर गावचं देवक

आमच्या होणाऱ्या जावयाच्या गावाचं नाव फ्लॉवर आहे. हे मी ज्या ज्या मराठी माणसाला सांगितलं, त्याला आधी भाजीच आठवली. माझ्या नवऱ्याने, सतीशने, 'म्हणजे शेजारचं गाव बटाटा का?' हा विनोद पहिल्याच दिवशी केला आणि तेव्हापासून तो रोज नवा असल्यासारखा करतो. गावाचं खरं नाव फ्लर-द-लीस. कार्डिफच्या उत्तरेला, कोळशाच्या जुन्या खोऱ्यात, रम्नी नदीच्या काठी ते वसलंय. एवढं फ्रेंच नाव वेल्श तोंडात मावत नाही, म्हणून तिथली माणसं त्याला नुसतं 'फ्लावर' म्हणतात. या गावाला जायचं मी जूनच्या सुरुवातीला ठरवलं ते फिरायची हौस म्हणून नाही. घरातलं एक लग्न मोडत नव्हतं, पण मोडल्यासारखं झालं होतं.

झालं असं. आमची इरा कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिथेच तिला गॅरेथ भेटला, आणि ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न ठरलं. माझ्या सासूबाई, म्हणजे इराची आजी, कराडला असतात. इरा तान्ही असताना त्या नॉटिंगहॅमला आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या आणि मी कामावर गेले की ती त्यांच्याच मांडीवर असायची. त्यामुळे आजी आल्याशिवाय लग्न नाही, हे इराने हॉल बुक करायच्या आधीच सांगून टाकलं होतं. व्हिसा झाला, तिकीट झालं. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, "मुलाकडचं देवक काय?"

इथे वाढलेल्या मुलामुलींसाठी सांगते. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात. प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं तलवारीचं पातं. आमचं कमळ, तेही देठासकट. देवक तोडायचं नाही, खायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांचं देवक एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. ते भाऊबंद झाले.

इराने गॅरेथला इंग्रजीत समजावलं की फॅमिलीचं एक चिन्ह असतं, बहुतेक झाडपाला. तो खुलला. म्हणाला, आमचं आहे ना, गावाचं नावच ते आहे, रग्बीच्या शर्टावर आहे, आजोबांच्या दंडावर गोंदलेलं होतं. फ्लर-द-लीस म्हणजे लिलीचं फूल. इराने ते आजीसाठी मराठीत आणलं, "आजी, तो फूल लिली आहे. वॉटरलिली असते ना? ऑलमोस्ट कमळच."

मग सासूबाई म्हणाल्या, "मग ते आपलेच झाले. एका देवकाचं लग्न मी कसं बघू?"

त्या ओरडल्या नाहीत. लग्न करू नका असंही म्हणाल्या नाहीत. तुम्ही करा, मी अडवत नाही, पण माझ्या हातून अक्षता पडायच्या नाहीत, तिकीट रद्द करा, एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी इराने मला सांगितलं की आजी नसेल तर मग हॉल, मंडप, काहीच नको, रजिस्ट्री ऑफिसात सही करून संपवू.

सतीशचं म्हणणं सोपं होतं. त्या चिन्हाकडे बघ, भाल्याच्या टोकासारखं दिसतं की नाही? भाला सांग आणि मोकळी हो. मी नेटवर बघितलं तर खरंच काही अभ्यासक त्याला भाल्याचं टोक म्हणतात. कुणी म्हणतं मधमाशी, कुणी बेडूक, कुणी लिली, कुणी तिसरंच फूल. मला अर्धवट माहिती म्हणजे दातात अडकलेली बडीशेप. ती निघेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. हॉस्पिटलच्या पेरोल विभागातून मी आठवडाभराची रजा काढली आणि ते फूल नक्की कोणतं ते बघायला निघाले.

पहिला मुक्काम लंडन. नॉटिंगहॅमहून सेंट पँक्रसची गाडी आगाऊ तिकीट काढलं तर परवडते, ऐनवेळी काढलं तर त्या पैशांत माणूस भारताच्या अर्ध्या वाटेवर पोचेल. तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने वेम्बली पार्क आणि पुढे बसने ईलिंग रोड. लग्नाची खरेदी करायची असेल तर डोळे मिटून इथे या. मुंडावळ्या, सुपाऱ्या, हळकुंडं, नारळ, सगळं एका रांगेत मिळतं. फक्त दुकानदार गुजराती असल्यामुळे 'सप्तपदीच्या सुपाऱ्या' म्हटलं की तो मुखवासाचं पाकीट पुढे करतो. गरम गाठिया आणि पपईचा संभारो खाऊन घ्या. उसाचा रसही मिळतो, पण त्यात आलं सांगून घालून घ्यावं लागतं.

आमचं लग्न लावणारे गुरुजी तिथे जवळच राहतात. मूळचे वाईचे, आठवडाभर बँकेच्या आयटीत आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, वहिनी, एवढं कशाला, दोन्हीकडे देवक म्हणून पंचपल्लव, पाच झाडांच्या डहाळ्या, ठेवू, ते सगळ्यांना चालतं. मी तिथूनच कराडला फोन लावला. सासूबाईंनी गुरुजींची विचारपूस केली, त्यांच्या घराण्याची चौकशी केली आणि मग सांगितलं की पंचपल्लव ज्यांना आपलं आठवत नाही त्यांच्यासाठी. यांना आठवतंय. गुरुजींनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी किंग्ज क्रॉसजवळच्या मोठ्या ग्रंथालयात गेले. तिथे पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित प्रार्थनापुस्तक आहे आणि त्यात क्लोव्हिस राजाला हे चिन्ह मिळाल्याचं चित्र आहे, असं मी वाचलं होतं. ते पुस्तक काचेत मांडलेलं नव्हतं. असल्या नाजूक वस्तू बऱ्याचदा आतच असतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा, माझ्यासारखं तोंड पाडून उभं राहू नका. चित्र मात्र फोनवर मोठं करून बघता येतं. मी ग्रंथालयाच्याच कॅफेत महागडी कॉफी घेऊन ते बघत बसले, आणि खरं सांगते, तासभर हललेच नाही.

क्लोव्हिस म्हणजे फ्रँक लोकांचा पंधराशे वर्षांपूर्वीचा राजा. ज्यांच्या नावावरून फ्रान्सला फ्रान्स म्हणतात, ते हे फ्रँक. दंतकथा अशी की त्याच्या ढालीवर आधी तीन बेडूक होते. त्याची राणी क्लोटिल्ड ख्रिस्ती होती, तो नव्हता. रानातल्या एका साधूला देवदूताने सोनेरी फुलांची ढाल दिली, साधूने ती राणीला दिली आणि राणीने नवऱ्याला. बेडूक गेले, फुलं आली, राजा लढाई जिंकला. चित्रात हे सगळं एकाच पानावर चालू आहे. वर आकाशात देव, मध्ये साधू आणि राणी, खाली महालात राणी स्वतः राजाला ढाल देतेय. मला गंमत वाटली ती याची, की कुळाचं चिन्ह राजाला बायकोच्या हातून मिळालं.

पण पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे चित्र क्लोव्हिसनंतर नऊशे वर्षांनी काढलंय. त्याच्या काळातल्या कुठल्याही वस्तूवर हे फूल सापडलेलं नाही. त्याच्या बापाच्या थडग्यात सोन्याच्या मधमाश्या निघाल्या, त्याही मधमाश्या की रातकिडे यावर वाद आहे. फूल खूप पुढच्या राजांनी घेतलं आणि ते आपलं पहिल्यापासूनच आहे असं दाखवायला मागे जाऊन पणजोबाच्या ढालीवर चिकटवलं. मग इंग्लंडच्या राजांनी फ्रान्सवर हक्क सांगितला तेव्हा त्यांनीही ते आपल्या ढालीत घातलं आणि काही शतकं काढलं नाही. इथल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेलात तर भिंतीवरच्या राजचिन्हाच्या पाटीकडे बघा. सिंहांच्या शेजारी ही फुलं दिसली तर पाटी जुनी समजायची. मला त्याच दुपारी एका चर्चमध्ये अशी पाटी सापडली आणि मी एवढी हरखले की तिथल्या झाडणाऱ्या बाईंनी मला पाणी विचारलं.

म्हणजे माझ्या हातात काय आलं? बेडूक, मधमाशी, भाला, लिली, आणि एक जास्तीची कथा. ही शेवटची कथा अशी की क्लोव्हिसचं सैन्य नदीशी अडलं होतं. उतार कुठे आहे कळेना. तेव्हा त्याला पाण्यात बरंच आतपर्यंत पिवळी फुलं उगवलेली दिसली. फुलं तिथवर आहेत म्हणजे पाणी उथळ असणार, हे त्याने ओळखलं, सैन्य तिथून पार झालं आणि त्याने ते फूल चिन्ह म्हणून घेतलं. ते फूल लिली नव्हे, पिवळा आयरिस. ही कथाही खरी असेल असं नाही. पण निदान यातल्या राजाने डोळे उघडे ठेवून काहीतरी बघितलं होतं. मला ती आवडली.

पॅडिंग्टनहून कार्डिफला गाडीने दोनेक तास लागतात. खिडकी उजवीकडची घ्या की डावीकडची, यावर लोक भांडतात. मी म्हणते कुठलीही घ्या, कारण सेव्हर्न नदी येते तेव्हा गाडी तिच्या खालून बोगद्यातून जाते आणि दोन्हीकडे अंधार असतो. बाहेर पडलात की पाट्या दोन भाषांत सुरू होतात. इरा स्टेशनवर घ्यायला आली होती. डोळे सुजलेले. आम्ही मार्केटमध्ये तव्यावरचे गरम वेल्श केक घेतले. हे केक म्हणजे मनुका घातलेली गोड दशमीच, कुणीही मराठी माणूस पहिल्या घासाला ओळखेल. इराने एक चिमटीत धरला आणि खाल्ला नाही.

"मम्मा, मीच चुकीचा शब्द बोलले," ती म्हणाली. "मला कमळ आणि लिलीमधला डिफरन्स माहितीच नव्हता. आजीला वाटेल की आपण तिला फसवतोय, कारण मी आधी कमळ म्हणाले आणि आता तू लंडनहून वेगळंच काहीतरी घेऊन येणार."

हे खरं होतं आणि मी त्याचा विचारच केला नव्हता. मी उद्या जे काही सांगेन ते सासूबाईंना सोयीचं वाटणार. मी तिला म्हटलं, मी काही घेऊन आले नाहीये, कारण अजून मला काही सापडलेलंच नाही. यावर ती पहिल्यांदा हसली आणि केक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गॅरेथसह आम्ही तिघं रम्नीच्या गाडीने पेंगमला गेलो. कार्डिफमधून निघालेली गाडी पाऊण तासात डोंगरांमध्ये शिरते. दगडी घरांच्या लांब रांगा, वर हिरवे उतार. त्यातले काही उतार खरे डोंगर नाहीत, खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग आहेत आणि आता त्यांवर गवत आलंय, हे गॅरेथने दाखवलं तेव्हा कळलं. पेंगमला उतरून खाली चालत गेलं की नदी, आणि पूल ओलांडला की फ्लावर. बघायला म्हणून काही नाही. एक मुख्य रस्ता, चर्च, चिप्सचं दुकान, कुत्रा फिरवणारे आजोबा. गावाच्या पाटीपुढे मी फोटो काढला आणि सतीशला पाठवला. त्याने उत्तरात बटाट्याचा फोटो पाठवला.

गॅरेथची आजी, तिला सगळे नॅन म्हणतात, दारातच उभी होती. बारीक चणीची, पांढरे केस, पायात रबरी बूट. तिने चहा आणि बाराब्रिथ नावाचा चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव पुढे ठेवला, वरून लोणी. मी मोठ्या आशेने तिला गावाच्या नावाचं विचारलं. म्हणाली, राजाबिजाचं मला ठाऊक नाही, इथे बिअर गाळायची भट्टी होती. धर्मावरून छळ झाला म्हणून फ्रान्समधून पळून आलेली माणसं ती चालवत, असं सांगतात. त्यांनी तिला आपल्याकडच्या फुलाचं नाव दिलं, भट्टीवरून गावाला नाव पडलं. भट्टी गेली, फ्रेंच माणसंही गेली, फूल राहिलं. म्हणजे राजांनी पणजोबाला चिकटवलेलं फूल पळून आलेल्या माणसांनी बिअरला चिकटवलं, आणि गॅरेथच्या आजोबांनी दंडावर.

मग नॅनने कप खाली ठेवला आणि थेट माझ्याकडे बघितलं. "तुमच्या सासूबाईंना आमचं फूल नको आहे, असं ऐकलं."

गॅरेथ खाली बघायला लागला. त्याने घरी काय सांगितलं होतं, देव जाणे. मला फार लाजिरवाणं वाटलं. इतके दिवस मी आमच्याच घराचा विचार करत होते. इकडच्या घरात याचा अर्थ काय लागला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नको असं नाही," मी म्हटलं. "त्यांना ते फार आपलं वाटतंय, हीच अडचण आहे." आणि मी तिला देवक समजावलं. सगळं, अगदी बहीण-भावंडांपर्यंत.

ती पोट धरून हसली. "म्हणजे आपण आधीच नातेवाईक निघालो म्हणून सोयरीक नको? आणि मला वाटलं आमच्यात काही कमी आहे." मग डोळे पुसून म्हणाली, चल, दाखवते तुला आमचं फूल, चहा नंतर पिऊ.

ती आम्हाला घरामागच्या वाटेने नदीकडे घेऊन गेली. रम्नी नदी मोठी नाही, कोयनेच्या मानाने ओढाच म्हणायचा. एका वळणावर चिखल आणि उथळ पाणी होतं, आणि त्यात, काठापासून बरंच आतपर्यंत, पिवळी फुलं. उंच देठ, तलवारीसारखी पानं, तीन पाकळ्या खाली वळलेल्या, तीन उभ्या. गॅरेथच्या रग्बी शर्टावरचं चिन्ह हुबेहूब नाही, पण एका बाजूने बघितलं तर तेच. इथे त्यांना फ्लॅग म्हणतात. नॅन म्हणाली, लहानपणी आम्ही फुलं बघून ओळखायचो कुठे पाय घातला तर गुडघ्यापर्यंतच बुडू. मी तिला क्लोव्हिसची नदीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, त्यात काय, ते आमच्या इथल्या कुठल्याही पोराला कळतं.

मला तिथेच फोन लावावासा वाटला. आमची दुपार, कराडची दिवेलागणीची वेळ. सासूबाई नुकताच देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या. मी काहीच स्पष्टीकरण दिलं नाही, इराचं बोलणं मनात होतं. फक्त म्हटलं, आई, हे त्यांच्या गावचं फूल, तुम्हीच बघा आणि काय ते सांगा.

त्यांनी चष्मा लावला. फुलाकडे त्यांनी बघितलंच नाही. "पान दाखव," म्हणाल्या. मी पान दाखवलं. "खाली कर, बुडाशी. आता मुळी. चिखल बाजूला कर जरा." मी चपला काढून पाण्यात उतरले, इराने माझी ओढणी धरली आणि गॅरेथने फोन. एका रोपाची जाड मुळी चिखलातून आडवी वर आलेली होती, गाठीगाठींची.

"अगं, हे वेखंड की," सासूबाई म्हणाल्या.

मी चाट पडले. आमच्या कराडच्या घरामागे न्हाणीचं पाणी जातं तिथे वेखंड लावलेलं आहे, मी पंचवीस वर्षं ते बघतेय. तीच पानं. पण मला खोटं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की आई, फूल वेगळं आहे, आपल्या वेखंडाला असं फूल येत नाही. इराने तेवढ्यात तिच्या फोनवर नाव शोधलं आणि तीही उडालीच. या झाडाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'खोटं वेखंड'. शेकडो वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या शास्त्रज्ञालाही पानांकडे बघून तेच वाटलं होतं, जे आजींना कराडमध्ये वाटलं. मी तेही त्यांना सांगितलं.

"वास घे," त्या म्हणाल्या. मी मुळीशी वाकले. चिखलाचाच वास.

"नाही येत, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. काय विचार चाललाय ते चेहऱ्यावरून कळेना. इरा माझी ओढणी पिळत होती.

नॅनला आमचं बोलणं एक अक्षर कळत नव्हतं. पण पाहुणी पाण्यात उभी आहे आणि फोनवर एक म्हातारी बाई आपल्या फुलाकडे बघतेय, एवढं तिला दिसत होतं. तिला वाटलं असावं की त्यांना फूल नीट दाखवावं. ती पुढे झाली आणि तिने एका देठाला हात घातला.

"अगं त्यांना म्हणावं तोडू नका," सासूबाई पटकन म्हणाल्या. "त्यांचं देवक ना ते? देवक असं तोडतात का?"

इराने नॅनच्या मनगटावर हात ठेवला आणि ते इंग्रजीत सांगितलं. नॅनने देठ सोडला. मग फोनकडे वळून तिने हळूच मान लववली, आणि कराडच्या बाजूनेही पदर सारखा करत तशीच मान लवली. सासूबाई म्हणाल्या, दिव्याची वात बघते, नंतर बोलू, आणि फोन ठेवला. येणार की नाही, काही सांगितलं नाही.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कार्डिफहून नॉटिंगहॅमची गाडी घ्याल तर बर्मिंगहॅमला गाडी बदलल्यावर बसायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नका, आरक्षण करा. बाराब्रिथ दोन-तीन दिवस टिकतो, नॅनने डबा भरून दिला होता. फ्लावरला मुद्दाम जावं का? कार्डिफला आलाच असाल तर मे-जूनमध्ये एक दुपार जरूर जा, फुलं तेव्हाच असतात. आणि तोडू नका.

घरी आल्यावर क्लोव्हिस माझ्या डोक्यातून जाईना. मला सुरुवातीला राग आला होता की नंतरच्या लोकांनी त्याच्या हातात खोटं फूल दिलं. आता तेवढा येत नाही. पळून आलेल्या फ्रेंच माणसांना, खाणीत उतरणाऱ्या आजोबांना आणि रग्बी खेळणाऱ्या नातवाला त्या फुलात कुठला राजा दिसत होता? त्यांना आपली माणसं दिसत होती. आमचं देठासकट कमळ तरी पहिल्यांदा कुणी उचललं, कुठल्या तळ्यातून, ते सासूबाईंनाही सांगता येणार नाही. त्यांना फक्त एवढं ठाऊक आहे की ते तोडायचं नाही.

त्यानंतर कराडहून आठवडाभर काही नाही. सतीश म्हणाला, भाला सांगितला असता तर एव्हाना पत्रिका छापून आल्या असत्या. इरा रोज संध्याकाळी फोन करून 'आजी काही बोलली?' विचारायची आणि मी नाही म्हणायचे. तिकीट रद्द करायचंय का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

मग शनिवारी त्यांचा फोन आला. बॅग भरत होत्या. थालीपिठाची भाजणी किती आणू, मेतकूट नेऊ देतात का, नॅनबाईंना साडी चालेल की शाल बरी, असं एकामागून एक. मी सगळ्याला हो म्हणत गेले. शेवटी म्हणाल्या, "आणि हो, इराच्या वेळची बाळगुटीची डबी आणतेय, सहाणेसकट. पुढे लागेलच."

"आणा," मी म्हटलं.

"सगळं आहे त्यात, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ. वेखंडाचा तुकडा तेवढा काढून ठेवलाय." आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "बापाचं देवक उगाळून लेकराला चाटवू नये."